दगडी: धारेनंतरचा अर्धा तास आणि कोकणातला पावसाळा

गाईच्या सडाच्या टोकाला दिसतं ते बारीक भोक म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटर लांबीच्या नळीचं तोंड. कासेत जंतू शिरायला बहुतेक वेळा एवढी एकच वाट असते. नळीभोवती स्नायूचं कडं असतं, ते एरवी घट्ट आवळलेलं असतं. आतून नळीला मेणचट, चिकट अस्तर असतं, त्यात जंतू अडकतात आणि पुढच्या धारेबरोबर बाहेर फेकले जातात. धार काढताना मात्र हे कडं सैल होतं, अस्तराचा थोडा भाग निघून जातो आणि धार संपल्यावर तोंड पुन्हा नीट मिटायला अर्धा ते एक तास लागतो. दगडी किंवा कासदाह, म्हणजे जंतूंच्या लागणीने येणारी कासेची सूज, टाळायची म्हणजे काय करायचं, याचं निम्मं उत्तर या अर्ध्या-एक तासात आहे.

आता आपल्याकडची पद्धत बघा. गाय स्थिर उभी राहावी म्हणून धार काढताना तिच्यापुढे घमेल्यात पेंड किंवा आंबोण ठेवतात. धार संपेपर्यंत घमेलं रिकामं होतं. दूध घरात जातं आणि गाय बसते. बसते ती शेणमुताने ओल्या झालेल्या जागेवर, सडांची तोंडं उघडी असताना. सकाळी याची झळ कमी लागते, कारण धारेनंतर गुरं चरायला सुटतात आणि तासभर तरी उभी असतात. खरा धोका संध्याकाळच्या धारेनंतरचा. थोडं खाद्य धारेच्या वेळी द्या, पण पेंढा आणि हिरवी वैरण मागे राखून ठेवा आणि धार संपल्यावरच गव्हाणीत टाका. गाय खात खात उभी राहील. एवढा बदल करायला एक रुपयाही लागत नाही, आणि दगडीवर खर्च करायची तयारी असणाऱ्या प्रत्येकाने आधी हा बदल करावा, असं माझं ठाम मत आहे.

कोकणात पावसाळ्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे जमीन सुकतच नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने हवेत दमटपणा, आणि कौलारू गोठ्याला वारा जायला जागा कमी. जुन्या गोठ्यांत खाली चिरा, म्हणजे जांभा दगड, असतो. चिरा टिकाऊ आहे, गुरांचे पाय त्यावर घसरत नाहीत, पण त्याला भोकं असतात. त्यांत मूत आणि पातळ शेण मुरतं आणि कितीही पाणी मारलं तरी तिथले जंतू हटत नाहीत. निदान गाईच्या मागच्या पायांखालचा आणि कासेखालचा पट्टा सिमेंटने भरून घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत करू नका, झाडूने खरबरीत ठेवा, नाहीतर गाय घसरेल आणि उठताना स्वतःचाच सड तुडवेल. उतार दर मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर, मागच्या गटाराकडे. यापेक्षा कमी उतारावर मूत साचतं, जास्त केला तर गाभण गाईच्या मागच्या भागावर ताण येतो.

अंथरूण म्हणून आपण पातेरा (झाडांचा वाळलेला पाला), भाताचा पेंढा, तूस, कधी वखारीतला लाकडाचा भुसा घालतो. यातलं एकही वाईट नाही, जोवर ते कोरडं आहे. ओलं झालं की ते जंतूंचं खाद्य होतं. पेंढ्यात स्ट्रेप्टोकोकस युबेरिस वाढतो, ओल्या भुशात क्लेबसिएला. क्लेबसिएलाची दगडी औषधाला फार कमी दाद देते, म्हणून पावसात ओलसर भुसा टाकण्यापेक्षा उघडी, धुतलेली, निथळलेली जमीन मी बरी म्हणेन. पातेरा मार्च-एप्रिलमध्येच गोळा करून माळ्यावर किंवा ताडपत्रीखाली कोरडा साठवा. पावसात ओला पातेरा आणून टाकण्यात अर्थ नाही. रोज कासेखालचा तेवढा भाग उचलून नवा टाकायचा, सगळं अंथरूण बदलायची गरज नाही. त्यावर विझवलेल्या चुन्याची फक्की मूठ-दोन मूठ भुरभुरली तर साधारण एक दिवस जंतूंची वाढ दबते. चुना विझवलेलाच हवा. कळीचा चुना ओल्या सडाला भाजून काढतो आणि मग भेगांतूनच लागण होते.

वाळू हे जगभर उत्तम अंथरूण मानलं जातं, कारण तिच्यात जंतूंना खायला काही नसतं. पण समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणणं किनारा नियमन क्षेत्राच्या कायद्यात बसत नाही. रबरी मॅट घेतली तर ती रोज उचलून खालची घाण धुतली पाहिजे. न उचललेल्या मॅटखाली काय साठतं ते एकदा उचलून बघा.

जंतूंचे ढोबळमानाने दोन गट. पहिला गट गाईकडून गाईकडे जाणारा: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए. हे आजारी कासेत राहतात आणि धार काढणाऱ्याचे हात, फडकं किंवा मशीनचे कप यांच्यावरून पुढच्या सडावर जातात. दुसरा गट परिसरातला: ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकोकस युबेरिस. हे शेणात, मातीत, अंथरुणात असतात आणि दोन धारांच्या मधल्या वेळात शिरतात. म्हणून पहिल्याला अडवायचं धारेच्या वेळी, दुसऱ्याला अडवायचं गोठा कोरडा ठेवून. नुसती औषधात सडं बुडवली आणि गोठा ओला ठेवला तर पहिला गट आटोक्यात येईल, पण जुलै-ऑगस्टमध्ये ई. कोलाय गाय आडवी पाडेल. याखेरीज स्यूडोमोनास नावाचा जंतू पाण्याच्या टाकीत आणि पाइपात घर करतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं तेव्हा सडं धुवायच्या पाण्यात हजार लिटरला चार-पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवावं.

कासेचे चार भाग आतून वेगवेगळे असतात. एका सडातली लागण आतून दुसऱ्यात जात नाही. एकाची दगडी चारही सडांत पसरली तर ती बहुधा आपल्याच हातांनी पसरवलेली असते.

गाईकडून येणारे धोकेही आहेत. कोकण कपिलेची कास लहान, पोटाला घट्ट लागलेली, दूधही थोडं. तिला दगडी क्वचित होते. घाटावरून आणलेली होल्स्टिन किंवा जर्सी संकरित गाय पंधरा लिटर दूध देते, तिची कास जड असते आणि तिसऱ्या-चौथ्या वेतानंतर गुडघ्यापर्यंत लोंबते. मग ती शेणात बुडते, चालताना खुरांना लागते. म्हशीच्या सडाचं कडं गाईपेक्षा घट्ट असतं म्हणून म्हैस थोडी सुरक्षित, पण धारेनंतर लगेच डबक्यात बसायला सोडली तर तो फायदा संपतो. वय वाढतं, वेतं वाढतात तसा धोका वाढतो. सगळ्यात नाजूक काळ तीन: दूध आटवल्यानंतरचे दोन आठवडे, विण्याआधीचे दोन आठवडे आणि व्यायल्यानंतरचा पहिला महिना.

या शेवटच्या काळाचा संबंध चाऱ्याशी आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी जोडत नाही. एप्रिल-मे मध्ये कोकणात गुरांना बहुतेक भाताचा पेंढाच मिळतो. पेंढ्यात प्रथिनं कमी, कॅल्शियम कमी, आणि जे आहे त्यातलं काही ऑक्झॅलेट अडवून धरतं. ‘ई’ जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर असतं, वाळलेल्या पेंढ्यात जवळजवळ नसतं. जूनमध्ये विणारी गाय अशी दोन महिने पेंढ्यावर राहून विते. व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरलं की स्नायू ढिले पडतात, सडाचं कडंही ढिलं पडतं, आणि गाय जास्त वेळ बसून राहते. ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी असेल तर जंतूंना खाणाऱ्या पांढऱ्या पेशी कमजोर राहतात. म्हणजे दार उघडं, खाली ओल आणि आत पहारा नाही. उन्हाळ्यात थोड्या जागेत का होईना, पाण्याच्या सोयीवर संकरित नेपियर किंवा चवळी-मका हिरवा ठेवा आणि दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. सेलेनियमचं वेगळं इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. जास्त झालं तर ते विष आहे.

आता धार. कोकणात अजून बहुतेक घरी हाताने धार काढतात, आणि त्यातही अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने सड दाबायची पद्धत सर्रास दिसते. अशा गाईचा सड वळवून टोक बघा. भोकाभोवती पांढरट, कडक, फुलासारखी उकललेली कड दिसेल, कधी बारीक भेगा. नखाने हलकेच चाचपली तर खरखरीत लागते. ही जाडसर कड नीट मिटत नाही आणि तिच्या भेगांत स्टॅफिलोकोकस ऑरियस तळ ठोकतो. आतल्या बाजूलाही रोज तोच सांधा त्याच जागी घासून गाठ येते, मग धार वाकडी किंवा दुहेरी उडते. मूठ पद्धत वापरा. अंगठा आणि तर्जनीने सड वरच्या बाजूला बंद करायचा, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकेक आवळत दूध खाली ढकलायचं. खाली ओढायचं नाही. सड फारच आखूड असेल तर चिमटीने काढावं लागतं, ते कोरड्या हाताने आणि कमीत कमी ओढीने. बोटं दुधात बुडवून सड ओले करायची सवय तर ताबडतोब सोडा. त्या दुधात मागच्या सडातले जंतू असतात.

क्रम असा ठेवा. आधी नखं कापलेले हात साबणाने धुवा. सडं शेणाने माखली नसतील तर पाणी मारूच नका, कोरड्या फडक्याने पुसा. माखली असतील तर फक्त सडं धुवा, पूर्ण कास नाही. कासेवरून ओघळणारं पाणी वरची सगळी घाण सडाच्या टोकावर आणून थांबवतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या वाटीत किंवा वाटीवर ताणलेल्या काळ्या कापडावर काढा आणि गुठळ्या, दोरे, पाणचटपणा दिसतो का बघा. या धारा जमिनीवर उडवायच्या नाहीत. मग सडं कोरडी करा, एका गाईला एक फडकं. पावसाळ्यात फडकी वाळत नाहीत ही खरी अडचण आहे. जेवढी गुरं त्याच्या दुप्पट फडकी ठेवा, उकळून चुलीवरच्या दोरीवर वाळवा. ओलं फडकं वापरण्यापेक्षा स्वच्छ कोरड्या कागदाचा तुकडा चांगला.

सडं हाताळायला लागल्यापासून मिनिट-दीड मिनिटात पान्हा येतो आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. म्हणून पुसल्यावर दुसरं काम करायला जाऊ नका. लावणीच्या दिवसांत हेच होतं. माणूस शेतातून चिखलाच्या हातांनी येतो, वेळ रोज पुढेमागे होते, आणि घाईत सडात दूध राहतं. लागण झालेल्या कासेत ते दूध म्हणजे जंतूंना रात्रभराची मेजवानी. लावणीच्या पंधरवड्यात तरी धारेचं काम शेतात न जाणाऱ्या एकाकडे द्यावं.

धार संपल्याबरोबर, अर्ध्या मिनिटाच्या आत, सडं औषधात बुडवायची. घरी करायचं असेल तर १० टक्के पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण ५०० मिली, ग्लिसरीन १०० मिली आणि उकळून गार केलेलं पाणी ४०० मिली. हे झालं एक लिटर, त्यात उपलब्ध आयोडीन साधारण अर्धा टक्का येतं. दुकानदाराने हात धुवायचा फेसाळ स्क्रब दिला तर परत करा. त्यात साबण असतो, सड कोरडा पडून फुटतो. ग्लिसरीन वगळू नका, त्याने कातडी मऊ राहते. सडाचा खालचा दोन तृतीयांश भाग तरी बुडला पाहिजे. शिंपडून फक्त समोरची बाजू भिजते. कपात उरलेलं औषध बाटलीत परत ओतू नका, शेण पडलं की आयोडीनचा जोर जातो. रंग फिका झाला की ते संपलं समजा. लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्याने कास धुणं म्हणजे सडं बुडवणं नव्हे. शेण लागताच त्याचा गुण जातो आणि सड ओलाच राहतो.

दूध मोजून घेणाऱ्या संस्थेत स्निग्धांश आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हळूहळू उतरतात, तापवताना एखाद्या दिवशी दूध फाटतं, चव किंचित खारट लागते. कास मात्र नेहमीसारखी, गाय खाते-पिते. ही सुप्त दगडी. कासेच्या दुखऱ्या पेशींतून रक्तातलं मीठ दुधात झिरपतं आणि साखर घटते, म्हणून चव बदलते. दिसणाऱ्या दगडीपेक्षा हिचं प्रमाण कितीतरी जास्त आणि तोटाही हिचाच मोठा, कारण तो महिनोन् महिने चालतो. ती ओळखायला कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट आहे. शाल्म आणि नूरलँडर या संशोधकांनी १९५७ मध्ये ती मांडली, आणि आजही गोठ्यात करता येणारी तिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची तपासणी दुसरी नाही.

चार खणांची पांढरी थाळी घ्यायची. पहिल्या दोन धारा सोडून प्रत्येक सडाचं साधारण तीन मिली दूध त्याच्या त्याच्या खणात घ्यायचं. तेवढंच किटमधलं जांभळं औषध घालायचं आणि थाळी आडवी धरून गोल गोल फिरवायची. दहा ते वीस सेकंदांत निकाल बघायचा. निरोगी दूध पाण्यासारखं मोकळं फिरत राहतं. थोडी लागण असेल तर तळाशी किंचित साय धरल्यासारखं दिसतं आणि थाळी तिरकी केली की विरघळून जातं. लागण ठळक असेल तर मिश्रण दाटतं, फिरवताना मधोमध गोळा होतं, ओतताना शेंबडासारखं एकदम घसरतं आणि रंग गडद जांभळा होतो. औषधातला साबण दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांच्यातला डीएनए बाहेर येऊन चिकट जेली तयार होते, हे त्यामागचं कारण. पेशी जितक्या जास्त तितकी जेली घट्ट. निरोगी सडाच्या एक मिली दुधात दोन लाखांहून कमी पेशी असतात. किट नसेल तर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून तेवढ्याच दुधात मिसळूनही दाटपणा कळतो. पावडरींचा जोर वेगवेगळा असतो, म्हणून आधी नक्की निरोगी असलेल्या सडाच्या दुधावर करून बघा. महिन्यातून एकदा प्रत्येक गाईची चाचणी करा, मे अखेरची तर चुकवूच नका. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आणि दूध आटत आलं असताना मात्र ती करू नये, निरोगी कासही लागण झाल्यासारखी दाखवते.

निकाल वहीत लिहा आणि त्यावरून धारेचा क्रम ठरवा. आधी पहिलारू कालवडी, मग स्वच्छ गाई, मग सुप्त लागण असलेल्या, शेवटी औषध चालू असलेल्या. नवी गाय घेताना जागेवरच ही चाचणी करा. बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून एक-दोन धारा चुकवतात, त्या ताणानेही कास दुखावते. कास फुगलेली बघून भुलू नका, रिकामी झाल्यावर हाताने चाचपा. निरोगी कास धारेनंतर मऊ आणि सुरकुतलेली होते, आत कडक गाठ किंवा दोरीसारखा जाड सड लागला तर गाय घेऊ नका.

सडावरची प्रत्येक छोटी जखम धोक्याची. पावसाळ्यात ओहोळाकाठी, गवतात चरणाऱ्या गुरांना जळवा सडांना लागतात. ओढून काढल्या तर रक्त वाहत राहतं. मीठ लावून सुटू द्या, मग पोव्हिडोन आयोडीन लावा. गोचीड कासेच्या मागच्या मऊ कातडीत बसतात. मोठं झालेलं वासरू दात लावतं. लाळ्या-खुरकुतात आणि लम्पीत सडांवर फोड-गाठी येतात आणि त्यांच्या मागोमाग दगडी येते, म्हणून लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा सरकारकडून मिळणारी लस आणि लम्पीची लस कासेसाठीही हवी. भाकड गाई आणि कालवडींच्या सडांवर माशा बसत असतील तर दुर्गंधी, पिवळ्या पूसारख्या स्रावाची दगडी होऊ शकते. तिच्यात तो सड सहसा वाचत नाही. कडुनिंब-करंज तेल सडांवर लावणं, शेणखड्डा गोठ्याला चिकटून न ठेवणं, एवढं तरी करावं.

मशीन असेल तर निर्वात दाब साधारण ४२ ते ५० किलोपास्कल, मिनिटाला ६० ठोके. कपांच्या आतले रबरी लायनर सुमारे २५०० धारांनंतर बदलायचे. एका संचावर दहा गाई दोन वेळा म्हणजे रोज वीस धारा, तेव्हा चार महिन्यांनी. लायनरला डोळ्यांना भेग दिसेपर्यंत थांबू नका. दूध संपल्यावर कप सडांवर ठेवणं आणि दाब न तोडता ओढून काढणं, या दोन्हीने सडाचं टोक सोलवटतं.

तीव्र दगडीत वेळेला किंमत आहे. कास एकदम सुजून कडक आणि गरम, दूध पिवळसर पाण्यासारखं, अंगात १०५-१०६ अंश फॅरनहाइट ताप, गाय रवंथ करत नाही, कान गार. अशी गाय सकाळपर्यंत थांबवायची नाही. ई. कोलायच्या विषाने ती काही तासांत बसकण मारते. पशुवैद्यकाला बोलवा, १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकालाही कळवता येतं. ते येईपर्यंत तो सड दर दोन तासांनी पूर्ण पिळून रिकामा करा, सूज ताजी असेल तर गार पाण्याने शेका, प्यायला पाणी पुढे ठेवा. सडात कडुनिंबाची काडी, सुई, सळई काहीही घालू नका. सूज-तापासाठी डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकला २०२३ पासून. मेलेल्या जनावरातून ती गिधाडांना मारतात. म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं आहेत, तेव्हा हा नियम आपल्या दारातला आहे. मेलॉक्सिकॅम मागा.

प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी दुधाचा नमुना घेऊन ठेवा, तपासायला पाठवायचा निर्णय नंतर झाला तरी चालेल. हात धुवा, सडाचं टोक ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा, पहिल्या धारा सोडा आणि पाच-दहा मिली दूध निर्जंतुक बाटलीत तिरकी धरून घ्या. बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. कोणतं औषध लागू पडेल हे तिथे कळतं. स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए पेनिसिलिनला चांगली दाद देतो आणि कळपातून हद्दपारही करता येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेत गळू करून, भोवती तंतूंची भिंत उभारून लपतो, औषध तिथे पोहोचत नाही. म्हाताऱ्या गाईत, दोन-तीन सडांत तो मुरला असेल तर पुन्हा पुन्हा सडात औषधाची ट्यूब मारण्यात पैसे घालवू नका. तो सड आटवा किंवा गाय दुभत्या कळपातून वेगळी करा. अस्वच्छ हाताने ट्यूब मारत राहिलं की यीस्ट (एक प्रकारची बुरशी) शिरतं, आणि प्रतिजैविकाने ते वाढतंच. दोन दिवसांत दूध स्वच्छ दिसलं म्हणून कोर्स अर्धवट सोडणं हे तर दगडी जुनाट करण्याचं सगळ्यात हमखास कारण आहे.

सुप्त किंवा सौम्य दगडीला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेला लेप करून बघण्यासारखा आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून लालसर लगदा होतो. मूठभर लगदा दीडशे-दोनशे मिली पाण्यात कालवून, सड रिकामे करून, कास धुऊन दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, निदान पाच दिवस. ताप असलेल्या गाईला मात्र नुसत्या लेपावर ठेवू नका.

प्रतिजैविक चालू असताना आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत चारही सडांचं दूध वगळायचं, फक्त आजारी सडाचं नव्हे. औषध रक्तातून इतर सडांतही उतरतं. ते वासराला पाजू नये, दूर खड्ड्यात चुना घालून ओतावं. आजारी सडाचं दूध उकळलं की झालं, असंही नाही. स्टॅफिलोकोकसने सोडलेलं विष दूध तसंच कोमट राहिलं तर तयार होतं आणि उकळूनही जात नाही.

विण्याच्या ६० दिवस आधी दूध आटवताना आधी पेंड कमी करा म्हणजे दूध उतरतं. शेवटची धार पूर्ण काढा. चारही सडांत आटवणीची ट्यूब द्यायची तर स्पिरिटचे बोळे लांबच्या सडांपासून जवळच्यांकडे फिरवा, आणि ट्यूब मात्र जवळच्या सडांत आधी, लांबच्यांत नंतर, म्हणजे पुसलेल्या सडांना हात घासत नाही. नळीचं टोक पूर्ण आत घुसवू नका, तीन-चार मिलिमीटर पुरेसं आहे. खोल घातल्याने आतलं अस्तर खरवडतं आणि बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. शेवटी सडं आयोडीनमध्ये बुडवा आणि पुढचे पंधरा दिवस गाय सगळ्यात कोरड्या जागी बांधा.

आटवणीच्या ट्यूबची तारीख आणि नाव गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. गाय अपेक्षेपेक्षा लवकर व्यायली आणि औषधाची मुदत संपली नसेल तर त्या चिकाचा खरवस करायचा नाही, शेजारी वाटायचाही नाही. वासराला मात्र चीक पहिल्या तास-दोन तासांत पाजायलाच हवा. दुसऱ्या निरोगी गाईचा मिळाला तर उत्तम, नाहीतर आईचाच, कारण त्यातली रोगप्रतिकारशक्ती दुसरीकडून मिळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी थाळी काढून चारही सडांची चाचणी करा आणि त्या वेताचा पहिला निकाल वहीत नोंदवा.